मोहोर पाहून बाग घेऊ नये

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अंगणात आंब्याच्या पेट्या भरायची गडबड चालली होती. अशा वेळी पावसच्या बाजूचा माझा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलाला घेऊन घरी आला. मुलाच्या हातात प्लास्टिकची फाइल होती. त्याने नुकताच व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला होता. या परवान्यासाठी निदान दोनशे तास विमान चालवलेले असावे लागते, आणि त्या दोनशे तासांपायी बापाची कलमांची बाग बँकेकडे गहाण पडली होती. खर्च अर्ध्या कोटीच्या घरात गेला होता. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मुलगा अर्ज करत, परीक्षा देत हिंडला. आणि आता, एसटीच्या थांब्यावर होते तसे झाले होते. तासभर एकही गाडी नाही आणि मग दोन एकदम. दोन कंपन्यांची पत्रे एकाच आठवड्यात आली होती.

"सर, कुठची धरू?" मुलाने विचारले.

मी म्हटले, "अरे, मी इतिहासाचा मास्तर. विमानात आयुष्यात दोनदा बसलो, तेही खिडकीपाशी."

त्यावर तो म्हणाला, "म्हणूनच आलो. कंपनीतली माणसं आपापल्या कंपनीचं सांगतात. तुम्ही मागचं सांगा."

श्रोतेहो, इतिहासाच्या शिक्षकाला इतका नेमका प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. त्या दुपारी मी त्याला जे सांगितले, ते आज तुमच्यापुढे थोडे नीट मांडतो. कारण असा मुलगा आता एका घरात नाही. बारामती, गोंदिया, धुळे, नागपूर अशा ठिकाणी विमान चालवायला शिकणारी मुले-मुली कोकणातल्या गावांतूनही जाऊ लागली आहेत. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, आमच्या रत्नागिरीच्या धावपट्टीवर तटरक्षक दलाची विमाने उतरताना लोक रोज पाहतात. आभाळ जवळ आले आहे. पण आभाळातली नोकरी शेवटी जमिनीवर सही करून घ्यावी लागते, आणि चुका तिथेच होतात.

सुरुवात १९३० पासून करू. आगाखानांनी त्या वेळी पाचशे पौंडांचे बक्षीस लावले होते. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट दिशेने जो हिंदी तरुण एकट्याने विमान घेऊन ठरलेल्या मुदतीत जाईल, त्याला ते मिळायचे होते. तिघे उतरले. पंचविशीतले जे. आर. डी. टाटा, मनमोहन सिंग आणि अवघ्या सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर. वाटेत इजिप्तमध्ये अस्पी अडकून पडला होता, त्याच्या विमानाला स्पार्क प्लग हवे होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे दिले. बक्षीस अस्पीने जिंकले.

शर्यत संपली, पण पुढे काय? त्या काळी या देशात हिंदी वैमानिकाला बोलावून नोकरी देणारे जवळजवळ कोणी नव्हते. मग १९३२ च्या ऑक्टोबरात, एकाच आठवड्यात दोन दारे उघडली. ८ ऑक्टोबरला हिंदी हवाई दलाची स्थापना झाली. सुरुवातीला सहा हिंदी अधिकारी आणि एकोणीस हवाई शिपाई, एवढाच काय तो संसार. १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. इंजिनाची दोन छोटी विमाने आणि डोक्यावर छप्पर म्हणावे तर जुहूच्या मातीतली एक शेड.

अस्पी हवाई दलात गेला आणि १९६० मध्ये हवाई दलप्रमुख झाला. मनमोहन सिंग युद्धकाळात हवाई दलात गेले आणि १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम इथे जपानी हल्ल्यात कामी आले. जे. आर. डीं.नी तर नोकरी शोधली नाही, इतरांसाठी निर्माण केली. तीन वर्षांनी, १९३५ मध्ये, त्यांच्या कंपनीने मुंबई, गोवा, कण्णूर, त्रिवेंद्रम असा मार्ग सुरू केला. आमच्या किनाऱ्याला विमानाची ओळख झाली ती या वाटेने. एका शर्यतीतले तिघे, पण तिघांचे नशीब तीन तऱ्हेचे. त्या पिढीला निवड करायची ती दोन दारांतून. दोन्ही अरुंद, पण आत काय आहे ते उंबऱ्यावरूनच दिसत होते.

खरी गंमत आणि खरा धोका सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकन सैन्य परत गेले आणि मागे डाकोटा विमाने राहिली. ती भंगाराच्या नाही, तरी बऱ्याच स्वस्त भावाने विकली गेली. हवाई दलातून मोकळे झालेले तरुण वैमानिक कामाच्या शोधात होते. विमान स्वस्त, वैमानिक तयार, आणि देश स्वतंत्र होऊ घातलेला. व्यापाऱ्यांनी कंपन्या काढल्या. १९४६ मध्ये परवाने देणारे मंडळ नेमले गेले आणि परवाने सढळ हाताने वाटले गेले. अंबिका एअरलाइन्स, ज्युपिटर एअरवेज, दालमिया जैन एअरवेज, भारत एअरवेज, डेक्कन एअरवेज अशी नावे एकामागून एक झळकू लागली. डाकोटा चालवता येणाऱ्या माणसाला तेव्हा नोकरीची चिंता नव्हती.

कामही असे होते की आज ऐकून छाती दडपते. फाळणीच्या वेळी निर्वासितांची ने-आण या नागरी वैमानिकांनी केली. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला पहिली सैन्यतुकडी उतरवण्यात हवाई दलाच्या जोडीला खासगी कंपन्यांच्या डाकोटाही होत्या. पुढे ३० जानेवारी १९४९ पासून आपल्या नागपुरात एक विलक्षण सेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चारही ठिकाणांहून रात्री एकेक विमान निघायचे आणि मध्यरात्री चारही नागपूरला उतरायची. टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची, आणि पहाटे जो तो आपापल्या गावी. ही सेवा पुढे कित्येक वर्षे चालली. पण ती सुरू करणारी कंपनी मात्र काही महिन्यांतच थकली आणि काम हिमालयन एव्हिएशनकडे गेले. सेवा टिकली, कंपनी टिकली नाही. वैमानिकाच्या बाजूने पाहिले तर या एका वाक्यात पुष्कळ काही आहे.

अंबिका गेली, ज्युपिटर गेली. विमाने जास्त, प्रवासी कमी, पेट्रोल महाग. हे असे का झाले, हे तपासायला १९५० मध्ये समिती नेमली तिचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष. समितीचा निष्कर्ष अगदी घरगुती हिशेबासारखा होता. जेवढा धंदा होता त्याच्या मानाने कंपन्या फार होत्या. अखेर १ ऑगस्ट १९५३ ला राष्ट्रीयीकरण झाले. आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली, आणि तिच्या वाट्याला आलेल्या विमानांत ७४ डाकोटाच होत्या. ज्यांच्या कंपन्या तोवर तगल्या, त्यांचे वैमानिक सरकारी नोकरीत सुखरूप पोचले. ज्यांच्या कंपन्या आधीच बुडाल्या होत्या, त्यांना पुन्हा दारोदार जावे लागले. दोघांच्या कौशल्यात फरक असेलच असे नाही. फरक होता तो सही कुठे केली यात.

इथे मी त्या मुलाच्या बापाला विचारले, "तू बाग कराराने देतोस, तेव्हा व्यापारी काय बघतो?"

तो म्हणाला, "मोहोर बघतो. पण शहाणा असेल तर मोहोरावर पैसे सोडत नाही. तुडतुडे पडतात, अवकाळी येतो, सुपारीएवढं फळ गळून पडतं. झाड कसं आहे, मागल्या पाच वर्षांत किती पेट्या निघाल्या, ते विचारतो."

मी म्हटले, "मग तेच कर."

१९५३ नंतर चाळीसेक वर्षे या देशात मोठे मालक दोनच होते. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स. नोकरी लागली की जन्माची सोय, न लागली तर परवाना कपाटात. १९९१ नंतर वारे फिरले. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, जेट अशी नवी नावे आली आणि सरकारी कंपन्यांतले वैमानिक जास्त पगारावर तिकडे जाऊ लागले. १९९७ उजाडून मावळेपर्यंत ईस्ट-वेस्ट, दमानिया आणि मोदीलुफ्त इतिहासजमा झाल्या होत्या. मग २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांचे युग आणले, २००५ मध्ये किंगफिशर आली. पुन्हा मोहोर. परदेशी वैमानिक आणावे लागतील इतकी टंचाई झाली. किंगफिशरचा परवाना ऑक्टोबर २०१२ मध्ये निलंबित झाला, तेव्हा कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्महिने थकलेले होते. पंचवीस वर्षे पाय रोवून उभी असलेली जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ च्या रात्री थांबली. २०२० मध्ये करोनामुळे देशातली प्रवासी उड्डाणे पूर्ण दोन महिने बंद राहिली. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. आणि त्याच २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली.

ही यादी मी त्या मुलाला घाबरवायला वाचून दाखवली नाही. यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. १९४६, १९९३, २००५, प्रत्येक वेळी वैमानिकाला सर्वांत जास्त मागणी होती ती कोसळण्याआधीच्या दोन-चार वर्षांत. हातात दोन-दोन पत्रे येतात ती बहुधा मोहोराच्या दिवसांतच. म्हणून त्या दिवसांत पगाराचा आकडा हा सर्वांत कमी भरवशाचा आकडा असतो. आणि नाव मोठे म्हणून कंपनी टिकेल, हेही इतिहास सांगत नाही. जेटचे नाव लहान नव्हते.

बाप थोडा अस्वस्थ झाला. कारण त्याचा कल मोठ्या नावाकडेच होता. मी फाइल उघडली. पहिले पत्र मोठ्या कंपनीचे होते. जेट विमान, पगार चांगला. पण त्या जातीचे विमान चालवण्याचे खास प्रशिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, ते मुलाने स्वतःच्या खर्चाने करायचे होते. म्हणजे आणखी कर्ज. आणि ते झाल्यावर रुजू कधी करून घेणार, याची तारीख पत्रात नव्हती. दुसरे पत्र लहान कंपनीचे. सत्तर आसनांचे पंख्याचे विमान, पगार कमी, पण प्रशिक्षण कंपनीच्या खर्चाने. मात्र तीन वर्षांचा बॉण्ड. मधे सोडल्यास रक्कम भरायची.

मुलगा म्हणाला, "मला त्या बॉण्डचीच भीती वाटते."

मी त्याला मिरकरवाड्याची आठवण दिली. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू होतो, त्याआधी ट्रॉलरचा मालक खलाशाला उचल देतो. उचल घेतली की खलाशी हंगामभर त्या बोटीचा. यात वाईट काही नाही, उलट पावसाळ्यात घर त्यावरच चालते. पण जाणता खलाशी उचल घेण्याआधी दोन गोष्टी बघतो. बोट समुद्रात जाणार आहे ना, आणि उचल दर महिन्याला फिटत जाते की शेवटपर्यंत जशीच्या तशी मानेवर राहते. बॉण्ड ही उचलच आहे. ती फिटत जाणारी असेल तर ती मालकाने तुझ्यात घातलेली रक्कम आहे. न फिटणारी असेल तर ती बेडी.

ही भांडणे हल्लीच कोर्टात गेलेली आहेत. वैमानिकाने नोकरी सोडताना द्यायची मुदत २०१७ मध्ये कॅप्टनसाठी एक वर्ष आणि सहवैमानिकासाठी सहा महिने अशी ठरवण्यात आली. २०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ वैमानिक मुदत न देता निघून गेले, उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीने न्यायालय गाठले. कोण बरोबर, कोण चूक, हे सांगणे माझे काम नाही. पण वैमानिक एकदम पाठ फिरवून जाऊ शकतो हे जसे खरे, तसे जेट आणि किंगफिशरच्या वेळी कंपनी एकदम पाठ फिरवू शकते हेही खरे ठरले. कंपनी थांबते तेव्हा ती कोणालाही सहा महिन्यांची मुदत देत नाही.

मग उरते काय? कंपनी बुडाली तरी वैमानिकाजवळ काय राहते? त्याच्या वहीत नोंदलेले तास. विमान कंपनीचा कॅप्टन होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो, त्याला १५०० तासांचा अनुभव हवा. हे तास कोणी बक्षीस देत नाही, ते रोज थोडे थोडे साठतात. अंबिकेच्या किंवा मोदीलुफ्तच्या वैमानिकाला पुढच्या दारात उभे केले ते त्याच्या वहीने, पगाराच्या पावतीने नाही.

आणि इथे मला एका बाईंची आठवण झाली. प्रेम माथुर. १९४७ मध्ये त्यांनी अलाहाबादला व्यावसायिक परवाना मिळवला. तो काळ वर सांगितलेल्या मोहोराचा. पुरुषांना नोकऱ्या मिळत होत्या, आणि या बाईंना मात्र आठ कंपन्यांनी नकार दिला. बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी बसणार नाहीत, अशी समजूत. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना घेतले. मोठ्या कंपन्यांपुढे ती काही फार मोठी नव्हती. पण तिने त्यांना विमानात बसवले. पुढे १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. त्यानंतर बाईमाणसाला ही वाट मोकळी व्हायला किती वर्षे गेली पाहा. आपल्या सौदामिनी देशमुख १९८० मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या. नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्ता ते सिल्चर असे फोकर विमान त्यांनी नेले तेव्हा त्यात वैमानिक, सहवैमानिक, हवाई सुंदऱ्या सगळ्या बायकाच होत्या. सिल्चर म्हणजे लंडन किंवा न्यूयॉर्क नव्हे. पंख्याचे विमान, ईशान्येचा पाऊस आणि डोंगर. पण कॅप्टनच्या खुर्चीत बसण्याचा हक्क तिथे कमावला गेला.

म्हणून मी त्या मुलाला म्हटले, "कुठची धरू ते मी सांगणार नाही. चार प्रश्न दोन्हीकडे लेखी विचार. रुजू करून घेण्याची तारीख कोणती? पहिल्या वर्षी साधारण किती तास उडायला मिळतील? कॅप्टन व्हायची वाट तुमच्याकडे किती वर्षांची आहे? आणि बॉण्डची रक्कम दर वर्षी कमी होते का? पाचवा प्रश्न त्यांना नको, बाहेर विचार. गेल्या पाच वर्षांत यांच्याकडे पगार वेळेवर झाला का? तो प्रश्न तिथल्या जुन्या कर्मचाऱ्याला विचारायचा, तोही एकट्याला गाठून."

बाप म्हणाला, "सर, आणि बागेचे हप्ते?"

हा सहावा प्रश्न, आणि तोच सर्वांत खरा. कमी पगारात हप्ता जाईल का, याचा हिशेब आम्ही तिघांनी त्याच आंब्याच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने मांडला. लहान कंपनीच्या पगारात हप्ता जेमतेम जात होता, मुलाने मित्रांबरोबर खोली करून राहिले तर. मोठ्या कंपनीच्या पगारात तो आरामात जात होता. पण रुजू व्हायला वर्ष लागले, तर वर्षभर एक पैसा नाही आणि वर नवे कर्ज. पुठ्ठ्यावरचा हा शेवटचा आकडा बाप बराच वेळ बघत राहिला.

पंधरा दिवसांनी मुलाचा फोन आला. मोठ्या कंपनीकडून उत्तर आले होते की तारीख आताच सांगता येणार नाही. लहान कंपनीने चारही प्रश्नांची उत्तरे दिली होती. त्यातले एक त्याच्या मनासारखे नव्हते, कॅप्टन व्हायला त्याला वाटले होते त्याहून दोन वर्षे जास्त लागणार होती. पण बॉण्ड दर वर्षी एक तृतीयांशाने उतरणारा होता. त्याने तिथे सही केली. बरोबर केली की चूक, हे मलाही आज सांगता येणार नाही. पाच-सात वर्षांनी कदाचित मोठ्या कंपनीत गेलेला त्याचा एखादा मित्र त्याच्यापुढे गेलेला असेल. इतिहास पुढचे सांगत नाही. सही करताना काय वाचावे, एवढे मात्र सांगतो.

फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, "सर, बाबांनी तो पुठ्ठा फेकला नाही. बँकेच्या पासबुकात घडी घालून ठेवलाय."

मी म्हटले, "असू दे. बाग सुटेपर्यंत लागेल."